भीमनगरचं पाणी साडेनऊला

"यवतमाळ ना? मग काय, लिहायला पुष्कळ आहे!" फोनमधून अक्षय सर खूश होऊन म्हणाले.

दीपाने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण सर सांगतील ते तिला वहीत उतरवून घ्यायचं होतं. दाराशी तिचा बाप, उकंडा मनवर, व्हॉल्व्हच्या लांब लोखंडी चावीच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळत बसला होता. आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकून एवढं खूश झालेलं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

"हे बघ दीपा, ती मंडळी दिवसाला शंभर-शंभर निबंध वाचतात. पहिल्या चार ओळींत त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. वडील शेतकरी आहेत का?"

"नाही सर. ग्रामपंचायतीत आहेत. गावाला नळाचं पाणी सोडतात."

"अच्छा." सर जरा हिरमुसले. "पण म्हणजे... हयात आहेत?"

"हो सर. इथेच बसलेत."

उकंडाने आपण हयात असल्याची पोच म्हणून जरा खाकरून दाखवलं.

दीपा पुसदच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाली होती. चार वर्षं रोज एस.टी.ने गेली-आली. आता तिला पाणीपुरवठ्याच्या नियोजनाचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. तशी संस्था होती लांब, मोठ्या शहरात. लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता पाचशे शब्दांचा एक निबंध तेवढा राहिला होता. 'तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी अडचण कोणती, आणि तिने तुम्हाला काय शिकवलं?' उद्या संध्याकाळी पाचपर्यंत तो पाठवायचा होता. अक्षय सर पुण्याचे. अशा निबंधांना मार्गदर्शन करायचे. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या घरात दुःख शोधताना त्याला हुरूप यायचा.

"वडिलांचं नाव काय म्हणालीस? उकंडा? हे कसलं नाव?"

दीपाने सांगितलं. बापाच्या आधी आजीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथं झाल्यावर ते उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून आणलं. टाकलेल्या वस्तूवर मरणाचा डोळा जात नाही, अशी जुन्या माणसांची समजूत. तेव्हापासून उकंडा.

"अगं, हे सोनं आहे सोनं!" सर ओरडलेच. "तू मला सगळं पाठव. मी संध्याकाळपर्यंत नीट करून देतो."

संध्याकाळी निबंध नीट होऊन आला. इंग्रजी असं झुळझुळीत की दीपालाच दोन शब्द शोधावे लागले. ती तो एकटीच वाचत बसलेली पाहून तिची आई तुळसाबाई सुपात तांदूळ पाखडत समोर आली.

"वाच ना मोठ्यानं. आमच्याच घरचं हाय ना ते? आमाले बी आयकू दे."

दीपा वाचत मराठीत सांगू लागली. "माझ्या वडिलांना जन्मताच उकिरड्यावर फेकून देण्यात आलं..."

"फेकलं?" तुळसाबाईचा हात सुपातच थांबला. "अवं, ठेवलं होतं! नव्या सुपात, खाली फडकं टाकून. अन् लगे उचललं. कोनं सांगतलं त्याले फेकलं म्हून?"

"आई, आयक तं खरं. माझे निरक्षर, हतबल वडील..."

"सातवी पास हाय मी," उकंडा दारातून म्हणाला. रागाने नाही, माहिती म्हणून.

दीपाचा आवाज उतरत गेला. पुढे चिखल होता, हंडाभर पाण्यासाठी मैलोन्‌मैल वणवण होती आणि शेवटी, पोरीच्या शिक्षणासाठी बापाने गावातल्या मोठ्या लोकांचे पाय धरले, असंही होतं. वाचून झालं. मग तुळसाबाईने सूप खाली आपटलं.

"तुह्या बापाले पार भिकारी करून टाकलं त्या मास्तरनं! अन् तू बसली वाचत!"

"राहू दे ना, तुळसे." उकंडाने चावी भिंतीला टेकवून उभी केली. ती त्याच्या छातीइतकी उंच होती. "दीपे, यानं शिट भेटते का तुले?"

"सर म्हणतात, भेटन."

"मंग असू दे. गरिबी तं होतीच, ते काई खोटं नाई. चिखलातबी उतरतोच मी. फकस्त ते पाय धरल्याचं तेवढं काढून टाक. ते आपल्याले कधी जमलंच नाई."

पण त्याला लागलं होतं. सत्तावीस वर्षं तो गावाला पाणी सोडत होता. कोणत्या गल्लीच्या व्हॉल्व्हला किती फेरे, हे त्याच्या मनगटाला पाठ होतं. बाजारपेठेला अठरा, देशमुख वाड्यापाशी बावीस, शाळेमागच्याला साडेचौदा, कारण तो जुना, पुढे अडकतो. जमिनीत पाइप कुठे फुटला हे तो चावीचं एक टोक पाइपवर आणि दुसरं कानाला लावून सांगायचा. तालुक्याहून आलेल्या साहेबांनीही एकदा ते करून पाहिलं, त्यांना नुसतं लोखंड ऐकू आलं होतं. आणि त्या सगळ्याचं नाव आता हतबल असं झालं होतं.

बाप रागावला असता तर दीपाला सोपं गेलं असतं. 'असू दे' म्हटल्यावर ती भडकली.

"मंग काय लिहू मी? अडचणच विचारतात तं! खरी अडचण सांगू तुमाले? तुमीच होते माही अडचण!"

"दीपे!" तुळसाबाई म्हणाली.

"नाई, बोलू दे मले. निम्म्या गावाचं पाणी साडेसात-आठले भरून व्हये. भीमनगरले साडेनऊ! कधीबी, सदानकदा साडेनऊ! शाळा भरे आठले. आई, तू कामाले जाय, भाऊ संघर्ष लहान. पाणी भराले घरी राह्यली मीच. दहावीचं वर्षभर मी पह्यले दोन तास बुडवले. बाई साऱ्या वर्गासमोर म्हणत, 'गावाच्या नळाची चावी तुझ्याच बापाकडे ना? मग तुलाच कसा गं उशीर?' काय सांगू मी त्याहिले? का माह्या बापाले गाव दिसते, घर दिसत नाई?"

ती रडली नाही. पण तिचा श्वास पळत आल्यासारखा झाला होता. सात वर्षं पोटात ठेवलेलं एकदाच बाहेर पडलं होतं.

तुळसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. कारण हे तिनेही कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि तिला ते मान्य नव्हतं असंही नाही. भीमनगर टाकीपासून लांब होतं हे खरं, पण पाळी काही टाकीवर ठरत नव्हती. पाळी उकंडाने ठरवली होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने फळ्यावर गल्ल्यांची यादी लिहिली आणि आपला मोहल्ला सगळ्यात खाली टाकला. तेव्हा मोहल्ल्यातली म्हातारी माणसं त्याला म्हणाली होती, आजवर या गावच्या विहिरीवर आपण सगळ्यांच्या मागून उभे राहिलो, आता चावी आपल्या पोराच्या हातात आली तरी आपण मागेच? त्यावर तो काही बोलला नव्हता. बोलण्यात तो कधीच पुढे नव्हता.

"तुले बुद्धपौर्णिमा आठोते का?" आता तो म्हणाला. "तू नववीत होती तवाची."

तिला आठवत होती. कोण विसरेल? त्या उन्हाळ्यात धरण आटलं होतं आणि गावाला चार दिवसांआड पाणी होतं. विहारात खीरदान होतं. मोहल्ल्यातली दहा माणसं घरी आली. म्हणाली, उकंडा, आज अर्धा तास जास्त सोड, वर्षाचा सण आहे. उकंडाने नाही म्हटलं. शेजारची इंदूबाई तोंडावर म्हणाली, "चावी घरात अन् घसा कोरडा, असा मानूस नाई पाह्यला बाप्पा!" मग त्याने दीपाला सोबत घेतलं आणि दोघांनी पाऊण मैलावरच्या शेतातल्या विहिरीवरून खिरीचं पाणी आणलं. भर उन्हात, पंधरा गुंड, म्हणजे पितळी घागरी. तिच्या डोक्यावर लहान गुंड, बापाच्या दोन्ही खांद्यांवर दोन मोठे. वाटेत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"त्याच्या चौथ्या दिवशी वाड्यावरचे बबनराव आले होते," उकंडा म्हणाला. "पोरीचं लगन होतं त्याहिच्या घरी. मांडव पडला, पाचशे मानूस जेवाले. म्हणे उकंडा, एक तासभर वाल चालू ठेव. मंग तवा मी काय म्हणलं त्याहिले, तुले ठाऊक हाय?"

"काय म्हणलं?"

"म्हणलं, मालक, माह्या मोहल्ल्यात खिरीले देल्लं नाई, तुमाले कसं देऊ? तं त्याहिनं टँकर बलावला. मानूस मोठा, बोलले काईच नाई. त्यानंतर या गावात कोनी मले पाच मिन्टं जास्त मांगितलं नाई. आपुन आधी घेतलं असतं ना, पोरी, तं दुसऱ्याले 'थांब' म्हणाचं तोंड नसतं राह्यलं. तोंड नसलं का चावी काय कामाची? मंग ज्याचा आवाज मोठा त्याचं पानी."

दीपा वहीकडे बघत राहिली.

"तुह्ये तास बुडले, ते चुकलंच माह्यं," तो पुढे म्हणाला. "बाप म्हून चुकलं. पन तू हे लिहत काहून नाई? हे तं खरं हाय."

"यात माही अडचण म्हणून तुमी दिसान, बाबा. गरिबी नाई, दुष्काळ नाई. तुमी."

"दिसू दे ना. मी होतोच." तो हसला. "उकिरड्यावर फेकल्यापरिस ते बरं."

दुसऱ्या दिवशी सहाला तो नेहमीसारखा चावी खांद्यावर टाकून निघाला तेव्हा दीपा लिहीत बसलेली होती. बाजारपेठ, देशमुख वाडा, शाळेमागची गल्ली. फेरे मोजता मोजता एकदा त्याच्या मनात आलं की आज भीमनगर आधी उरकावं, पोरीची शेवटची तारीख आहे, गुंड भरायला तिला उठावं लागू नये. सत्तावीस वर्षांत एखादा दिवस इकडचा तिकडे झाला तर कोण विचारणार आहे? मग शाळेमागच्या व्हॉल्व्हशी चहावाली मैनाबाई भेटली आणि "उकंडाभाऊ, टायमात सोडता म्हून माह्यं दुकान उघडते" असं म्हणाली. तो विचार त्याने तिथेच सोडला.

घरी आला तेव्हा दीपा फोनवरच होती.

"अगं पण यात रडू कुठे येतंय?" अक्षय सर म्हणत होते. "कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही येणार याने!"

"नको येऊ दे सर," दीपा म्हणाली. "त्या लोकांकडे मी पाणीवाटप शिकायला जातेय. हे त्यांना कळेल."

"आणि ते उकिरड्याचं?"

"ते घेतलंय. पण शेवटी. तीन गेली आणि चौथं जगलं, असं."

सर म्हणाले, "जोखीम आहे. पण तुझा निबंध आहे," आणि त्यांनी फोन ठेवला. माणूस वाईट नव्हताच.

उकंडा चावी टेकवून उंबऱ्यावर बसला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "कसं सुरू केलं ते तं सांग," तो म्हणाला.

दीपाने वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. "आमच्या घरी पाणी गावात सगळ्यात शेवटी यायचं, कारण चावी माझ्या वडिलांच्या हातात होती."

तुळसाबाई पाठमोरी नळापाशी गुंड विसळत होती. तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मागे वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं ज्याचा तिला राग होता त्याचाच आज तिला एवढा अभिमान का वाटावा, हे तिचं तिलाच कळेना.

"पुन्हा वाच बरं," उकंडा म्हणाला.

दीपाने पुन्हा वाचलं. तो मान खाली घालून ऐकत होता, पाइपला कान लावून ऐकायचा तसा. "बरोबर हाय," शेवटी तो म्हणाला. "धाडून दे."

तिने बटण दाबलं. तेवढ्यात नळाने आधी फुस्स करून हवा सोडली, दोन गढूळ चुळा टाकल्या आणि मग गुंडात धार लागली. शेजारून इंदूबाईची हाक आली, "आलं वं, आलं!" आणि सगळ्या भीमनगरात भांड्यांचा आवाज सुरू झाला.

तुळसाबाईने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अवो, आज दोन मिन्टं आधी आलं."

उकंडा ओशाळला. भीमनगरच्या व्हॉल्व्हशी पोचल्यावर तो रोज वेळ होईपर्यंत घड्याळाकडे बघत उभा राहायचा. आज घरी पोरगी काय वाचते हे ऐकायची त्याला घाई झाली होती, आणि हात आधीच फिरला होता.

"व्हय," तो म्हणाला. मग उठून त्याने चावी कोपऱ्यात नीट उभी केली. "उद्या दोन मिन्टं उशिरा सोडतो."