आतून लागणारी कडी

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. दाराची, लोखंडी, वीतभर लांब, आडवी सरकणारी. डोंगरातल्या एका गावी, उतारावरच्या दोन खोल्यांच्या घराला मी आतून बसवलेली आहे. मला बाहेरून कोणीच उघडू शकत नाही. हे आधीच सांगते, कारण सगळे खापर शेवटी माझ्याच डोक्यावर फुटले.

मला एका म्हाताऱ्या लोहाराने घडवले. "ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल," असे तो घरमालकाला म्हणाला, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. हसू नका, लोखंडालाही कौतुक कळते! पुढे कितीतरी हिवाळे मी एकटीने वारा थोपवला. मालकीणबाई मला लावून म्हणायच्या, "चला, आता निवांत." एवढ्यावर मी खूश असायची.

मग मालक गेले आणि मुलांनी घर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. गंज दिसू नये म्हणून माझ्यावर रंगाचे तीन थर चढवले. पाहुणे मला खाडकन ओढत, खाडकन आपटत, आणि जाताना भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढून नेत. मी करकरायला लागले, पण माझे काम मी करत होते.

त्या हिवाळ्यात एका कचेरीतले चौघे आले. कपडे धुण्याच्या यंत्रांबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकणे, हे त्यांचे काम. विभागप्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणत. एक होता त्याचे नाव रेडिओ, कारण त्याचे तोंड कधी बंद नसायचे. एक नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी होती, तिला छोटी म्हणत. आणि चौथे मास्तर, पन्नाशी ओलांडलेले, पूर्वी शाळेत शिकवणारे.

या लोकांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा अर्ध्या तासात पुन्हा फोन आला नाही, तर तक्रार मिटली असे धरायचे आणि बंद करायची. मास्तर मात्र ऐकत नसत. यंत्र सुरू झाले असे गिऱ्हाईक स्वतः म्हणेपर्यंत ते तक्रार बंदच करत नसत. त्यामुळे सगळा विभाग मागे पडे आणि कॅप्टन वरिष्ठांच्या शिव्या खाई. "मास्तर, तुम्ही काय लोकांची धुणी धुवायला बसलात का?" असे रेडिओ विचारायचा आणि सगळे खिदळायचे. मास्तरही हसायचे.

मास्तरांना त्यांनी सहलीला प्रथमच बोलावले होते. माझ्याशेजारी उभे राहून ते बायकोला फोनवर सांगत होते, "अगं, या वेळी मलापण घेतलंय त्यांनी. हो, गोळ्या कोटाच्या खिशात आहेत. छातीची काळजी नको करूस." मग फोनही खिशात टाकून तो कोट त्यांनी माझ्याजवळच्या खुंटीवर लावला.

शनिवारी दुपारी बर्फ पडू लागला. शेकोटीची लाकडे संपली. बाकीची अंगणापलीकडे उघड्या छपराखाली रचलेली होती. "दहा पावलांवर तर आहेत, मी आणतो," म्हणत मास्तर स्वेटरवर आणि चपलांवरच बाहेर पडले. त्यांची पाठ वळताच कॅप्टनने मला ओढले आणि लावून टाकले.

"आज मास्तरांचीच तक्रार घेऊ या," तो म्हणाला.

मास्तरांनी दार वाजवले. रेडिओने आवाज गोड केला. "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

बाहेरून हसू आले. "बरं बरं, करतो प्रतीक्षा. पण लवकर, गारठलोय हो."

दहा मिनिटांनी पुन्हा थाप. "उघडा की आता. फार झालं."

"आपली तक्रार नोंदवली आहे. आमचा माणूस लवकरच येईल."

खिडक्यांना लोखंडी गज, दुसरे दार नाही, शेजारचे घर वळणापलीकडे. सुटका होती ती फक्त माझ्याकडून. मास्तरांचा आवाज बारीक झाला होता. "निदान कोट तरी द्या. गोळी आहे त्यात."

छोटी उठली. "कॅप्टन, उघडू या ना. त्यांना खरंच बरं नाहीसं वाटतंय."

"बस गं. नाटकं आहेत मास्तरची. कोटासाठी वेगळी तक्रार नोंदवावी लागेल म्हणावं!"

छोटी बसली. मी तिला दोष देऊ की नको, मला अजून ठरवता येत नाही. ती माझ्यापासून तीन पावलांवर होती. मी तर दारालाच होते आणि मीही काही केले नाही. पण मला हात नाहीत.

थापा थांबल्या. पत्ते वाटले गेले. बऱ्याच वेळाने कॅप्टनने घड्याळ पाहिले. "अर्धा तास झाला. पुन्हा फोन नाही. मिटली तक्रार!" तिघेही हसले. हो, छोटीसुद्धा.

डाव संपल्यावर ते मला उघडायला आले आणि मी हलेना. मास्तर दाराला टेकून खाली बसले होते. त्यांचा सगळा भार दारावर आणि दाराचा माझ्यावर. कॅप्टनने ओढले, रेडिओने लाथा घातल्या, छोटी "मास्तर, मास्तर" ओरडत रडू लागली. दहा मिनिटांनी पातेल्याचे घाव घालून त्यांनी मला सरकवले. दार उघडले आणि मास्तर आत पायपुसण्यावर आडवे झाले. डॉक्टर आले, पण त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची बायको आली. कॅप्टन हात जोडून म्हणाला, "काय सांगू वहिनी, कडी अडकली. आम्ही जिवाचं रान केलं."

तो खोटे बोलला नाही. शेवटची दहा मिनिटे मी खरोखरच अडकले होते. त्याआधीचा पाऊण तास त्याने सांगितला नाही. "हो ना, अडकलीच," रेडिओने री ओढली. छोटीने वहिनींना पाणी आणून दिले.

वहिनींनी नवऱ्याचा कोट उतरवून हातावर घेतला. मग मला बोट लावून पाहिले. मी करकरले, पण सरकले. "आता तर सरकतेय," त्या म्हणाल्या.

"आता सरकते वहिनी. तेव्हा नाही सरकली."

मला वाटले, आता तरी यांना कळेल! पण त्यांनी होकारार्थी मान डोलावली. घर सांभाळणाऱ्या बाईकडून थोडे तेल मागून घेतले आणि स्वतःच्या बोटांनी मला लावले, खालून, वरून, सावकाश. "माझा माणूस गेला तो गेला. दुसऱ्या कुणावर ही वेळ नको यायला," एवढे बोलून त्या गाडीत बसल्या. त्याच गाडीत, त्या तिघांबरोबर.

मित्रांनो, घरातल्या कड्या-बिजागऱ्यांची काळजी घ्या. पण दार वाजले की उठत जा. आम्हाला तेल घातल्याने माणसे आत येत नाहीत. माझेच बघा ना. आता मी इतकी हलकी झाले आहे की लहान मूलसुद्धा मला एका बोटाने उघडू शकते, आणि एका बोटाने लावूही शकते.