साहेबांसाठी निवडलेल्या अळ्या

मी रेंज ऑफिसातल्या टेबलावरची डिंकाची बाटली. जन्मले मात्र औषधासाठी. तोंड रुंद, काच जाड, बूच घट्ट. हिवतापाच्या गोळ्या भरून मला वर्ध्याहून जंगलखात्यात पाठवलं होतं. गोळ्या कडू निघाल्या, म्हणून फुकट असूनही कुणी खाल्ल्या नाहीत. त्या ओल धरून विरघळल्या आणि मी तानबाच्या वाट्याला आले.

तानबा आर्वीकडच्या सागाच्या रोपवनाचा रखवालदार. सात वर्षं रोजंदारीवर. तिथलं एकेक रोप त्यानं हातानं लावलेलं. माझ्यात तो पिण्याचं पाणी नेत असे. तेव्हा मी सुखात होते.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात सागावर अळ्या पडल्या. चार दिवसांत अर्ध्या रोपवनात पानांची नुसती जाळी उरली. मारायला भुकटी हवी होती. पण जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलेला, त्यामुळे भुकटी कोणी द्यायची यावर पत्रव्यवहार चालू होता. अळ्यांना पत्रव्यवहार ठाऊक नव्हता. त्या खात राहिल्या.

एका कोपऱ्यात तानबाला काही अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसल्या. काळ्या, लिबलिबीत, बोट लावलं की फुटून पाणी होणाऱ्या. ते पाणी ज्या पानांवर सांडलं, ती पानं खाणाऱ्या अळ्याही पाच-सहा दिवसांत तशाच लटकल्या. यांच्यात पटकी पसरली, हे त्यानं ताडलं. मेलेल्या अळ्या माझ्यात भरून तो घरी आला.

त्याच्या बायकोनं, धुरपतानं, पदरानं नाक दाबलं. “मेलेल्या अळ्या घरात काऊन आनल्या?”

“मेल्या म्हनून तं आनल्या.”

त्यानं त्या पाण्यात चुरल्या, धोतराच्या फडक्यातून गाळल्या आणि कडुलिंबाच्या डहाळीनं ते पाणी सागाच्या बारा ओळींवर शिंपडलं. आठ दिवसांनी बाकीचं रोपवन खराट्यासारखं उभं होतं आणि बारा ओळी हिरव्या होत्या.

पाहणीला आलेले मोठे साहेब त्या ओळींपाशी बराच वेळ थांबले. हा विषाणूचा रोग असावा, म्हणाले. मेलेल्या अळ्या ऑफिसमार्फत प्रयोगशाळेत पाठवा. खरं निघालं तर पुढच्या वर्षी सगळ्या जंगलात हाच उपाय करू आणि तानबाला पक्कं करू. त्या दिवशी तानबा घरी चालत गेला नाही, तरंगत गेला.

त्यानं मला काठोकाठ भरून बाबू पुंडलिकरावांच्या टेबलावर ठेवलं. पुंडलिकराव भला माणूस. त्यांनी तानबाला चहा पाजला, पाठ थोपटली. तो गेल्यावर बूच उघडलं आणि चेहरा वाकडा केला.

“कवडू,” त्यांनी शिपायाला हाक मारली, “साहेबाले असा सडका माल पाठवाचा काय? हापिसाची इज्जत काय राह्यन?”

या ऑफिसची रीतच तशी. साहेबांकडे संत्री जायची तीही एका मापाची, निवडून. कवडूनं मला उपडं केलं, राखेनं घासलं, विहिरीच्या पाण्यानं तीनदा धुतलं. मग ते पाणी न शिंपडलेल्या कडेच्या झाडांवरून वीस जिवंत, गुबगुबीत अळ्या वेचून माझ्यात घातल्या आणि वर स्पिरिट ओतलं. मी लखलखत होते. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, माझा मान राखला.

दीड महिन्यानं मी परत आले. सोबत कागद होता: नमुन्यातील सर्व अळ्या निरोगी व उत्तम पोसलेल्या; रोगाचे चिन्ह नाही. त्याला जोडून मोठ्या साहेबांचा शेरा: रखवालदाराने खात्याची दिशाभूल केली, त्याला कमी करावे.

पुंडलिकरावांनी कागद दोनदा वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला त्या नजरेतच कळलं.

तानबाला बोलावलं. तो कागद ऐकून म्हणाला, “बाबूजी, मी तं मेलेल्याच देल्या होत्या. तुमीच तं उघडून पाह्यल्या असतीन.”

पुंडलिकरावांनी चष्मा पुसायला घेतला. कवडू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तीन वेळा धुतल्याचं एकानंही एकदा सांगितलं नाही.

“वरून हुकूम हाय, तानबा,” पुंडलिकराव एवढंच म्हणाले. “माह्या हातात काय हाय?”

त्यांच्या हातात ब्रश होता. मला नवं काम मिळालं होतं. माझ्या पोटात आता डिंक होता. त्यांनी हुकूम पाकिटात घातला, कडेला माझ्यातला डिंक फिरवला आणि नियमाप्रमाणे बंद पाकीट तानबाच्या हाती दिलं. डिंक ओलाच होता. तानबाला पाकीट फाडावं लागलं नाही.

जाताना तो माझ्यापाशी थबकला. बुचाशेजारी काचेचा उडालेला जुना टवका पाहून त्यानं मला ओळखलं. उचलून उजेडात धरलं, आत वाकून पाहिलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं. त्याला वाटलं असेल, मीही त्यांच्यातलीच.

यंदा पुन्हा अळ्या पडल्या आहेत. बारा ओळींसकट सगळं रोपवन खराटा झालंय. भुकटीचा पत्रव्यवहार चालू आहे आणि त्याची पाकिटं मीच चिकटवते.

मला तोंड आहे, रुंद आहे, पण ऑफिसात ते बोलायच्या कामाचं नाही. म्हणून तुम्हाला सांगते: कुणी विश्वासानं बाटली हाती दिली, तर धुण्याआधी त्यालाच विचारा, आत काय आहे.