सुनेच्या गोळ्या

कळशी अर्धीच भरलेली. कमरेवर घ्यायला उचलली आणि काटकी मोडावी तसा आवाज झाला. मला वाटलं, खरंच पायाखाली काटकी आली. बघते तर मनगट भलत्याच बाजूला वळलेलं.

सून अश्लेषा, सातवा महिना, पोट सावरत धावली. मी तिला दटावलं की धावू नकोस, हात माझा मोडलाय.

गिरीज गावात मी, या जयवंतीने, कधी कुणाची मदत मागितली नाही. माझी सहा बाळंतपणं झाली, नववा महिना लागला तरी केळीचे अख्खे लोंगर डोक्यावरून वाहिले. म्हणून अश्लेषाला दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, तेव्हा पाकिटं मीच काढून घेतली. गोळ्यांनी पोराची हाडं मोठी होतात, मग पोट फाडावं लागतं, असं आमच्या सगळ्याच म्हाताऱ्या सांगत. पाय वळतात म्हणून ती रडली, तर म्हटलं, विरारच्या फ्लॅटात वाढलेलीचे पाय वळायचेच. गोळ्या मी रोज कुटून कोंबड्यांच्या कण्यांत घालायची. अंड्यांची कवचं मऊ पडत होती. ती अशी टणक झाली की शेजारची क्लेमेंटीन युक्ती विचारायला आली.

वसईच्या डॉक्टरीणबाईंनी हाताचा फोटो खिडकीशी धरला. वय बावन्न सांगितलं, तर पुन्हा फोटो बघत राहिल्या.

"मुलं किती?"

"सहा. येक गोळी न खाता." मी तोऱ्यात म्हटलं.

"दिसतंय. जेवणातून कॅल्शियम मिळालं नाही की मूल आईच्या हाडातून घेतं. तुमची हाडं आतून जाळी झालीत, मावशी."

मी बाजूला बघितलं. बाकावर शेजारी अश्लेषा पोटरी चोळत बसली होती.

घरी आल्यावर ओट्यावर बसून डॉक्टरीणबाईंनी मला दिलेलं पाकीट उघडलं. त्याच पांढऱ्या गोळ्या. एका हाताने गोळी निघेना, पाकीट नुसतं करकरलं. तेवढ्यावर वाडीतल्या सगळ्या कोंबड्या धावत पायाशी आल्या आणि माना वर करून उभ्या राहिल्या.

अश्लेषा आधी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"आई, ह्या पाकिटाच्या आवाजाला का आल्या?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही.

तिने पाकीट घेतलं, एक गोळी काढून पाण्याशिवाय गिळली. दुसरी माझ्या डाव्या तळव्यावर ठेवली आणि आत गेली.

कोंबड्या अजून उभ्याच होत्या.