चमचा परत पाठवत आहे

थोरली इस्पितळाच्या ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल करायची. म्हणजे दिवसभर लोकांचे अडकलेले प्रिंटर सोडवायचे, विसरलेले पासवर्ड नवे करून द्यायचे, आणि "मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं" हे वाक्य चेहरा सरळ ठेवून ऐकून घ्यायचं. संध्याकाळी ती स्वतःच्या घरी जायच्या आधी आईबाबांकडे जायची. बाबांना मेंदूचा झटका आल्यापासून हा तिचा रोजचा रस्ता झाला होता.

बाबांचे हातपाय बरेचसे वाचले होते, बोलणं मात्र गेलं होतं. समोरच्याचं सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा. पाणी हवं का? "तेच." खिडकी लावू का? "तेच, तेच." नको असलं तरी "तेच", फक्त जरा मोठ्यानं.

"उभा जन्म बडबड केली, आता सगळं एका शब्दात उरकतात," आई म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा दोघी हसल्या होत्या. आता नुसतंच म्हणायची.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्या चित्रांची कार्डं समोर ठेवायच्या. मांजर. खुर्ची. चेंडू. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. चेंडूचं चित्र बघून त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली, आणि त्यांनी एकेक कार्ड शांतपणे पालथं घातलं.

"काका रागावले ते बरोबरच आहे," बाई जिना उतरता उतरता थोरलीला म्हणाल्या. "माणसानं जी वाक्यं हजारदा बोललेली, लिहिलेली असतात, ती कधीकधी आधी परत येतात. त्यांचं स्वतःचं लिहिलेलं काही आहे का घरात?"

होतं की. निवृत्त झाल्यावरही जुनी गिऱ्हाइकं बाबांना मेल करून सल्ले विचारायची आणि बाबा प्रत्येकाला लांबलचक उत्तर द्यायचे. सगळं त्यांच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, एका जुनाट प्रोग्रॅममध्ये. तो बनवणाऱ्यांनीसुद्धा त्याला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. थोरलीनं पूर्वी दोनतीनदा तो बदलायचा विषय काढला होता. "चाललंय ना? मग हात लावू नकोस," एवढंच उत्तर मिळालं होतं.

तिनं प्रोग्रॅम उघडला. फाइल खराब झाली आहे, उघडता येत नाही, असा निरोप आला आणि पडदा पांढरा पडला.

काय झालं असेल ते तिला लगेच कळलं. हा प्रोग्रॅम सगळ्या मेल एकाच फाइलमध्ये कोंबायचा, आणि त्या फाइलला मर्यादा होती. बाबा इस्पितळात असताना कॉम्प्युटर बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. रिकाम्या घरात तो आपला जाहिराती उतरवून घेत बसला. गाद्यांच्या, विम्याच्या, केस उगवायच्या तेलाच्या. पोत्यात मावेल त्याच्यापेक्षा जास्त भरलं, आणि पोतं फाटलं.

धाकट्या भावाचा परगावाहून फोन आला. "ताई, पण मेल वर कंपनीकडे असतीलच ना? माझ्या असतात."

"तुझ्या असतात. बाबांचा प्रोग्रॅम खाली उतरवून घेतो आणि वरच्या पुसून टाकतो."

"मग सोड ना गं. डॉक्टर म्हणालेच आहेत, हळूहळू होईल. किती जीव काढशील स्वतःचा?"

सोडावं असं तिलाही वाटत होतं. दिवसभर जे केलं तेच पुन्हा इथे, त्या कचकच करणाऱ्या खुर्चीवर. पण पलीकडच्या खोलीत आई बाबांना विचारत होती, दुखतंय का, कुठे दुखतंय, आणि बाबा प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर देत होते. तिनं फोन ठेवला आणि आधी त्या फाइलची कॉपी केली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे ती ऑफिसात सगळ्यांना ओरडून सांगायची.

प्रोग्रॅमबरोबर दुरुस्तीचं एक साधन आलं होतं. तिनं ते लावलं. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि तिथेच बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा ती शेवटपर्यंत गेली, दुरुस्ती पूर्ण झाल्याचा निरोप आला, आणि उघडून बघते तर आत काही नाही. एकही मेल नाही. थोरली खुर्चीला टेकून बसून राहिली. रडूसुद्धा आलं नाही, इतकी ती दमली होती.

आई चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून तिला काही कळलं नाही, पण पोरीचा चेहरा कळला.

"हा कॉम्प्युटर कुरकुरतोय हे त्यांना माहीत होतं," आई म्हणाली. "मी म्हटलं, हिला सांगा. तर म्हणाले, दिवसभर तेच करून येते, घरी आल्यावर तरी बसू दे तिला."

थोरली चहा प्यायली, कप बाजूला ठेवला आणि नवी कॉपी काढली.

ह्या वेळी तिनं कॉपीचं शेपूट कापलं. मर्यादेबाहेर गेलेला तेवढा भाग छाटून टाकायचा, म्हणजे उरलेलं कदाचित उघडेल. शेपटात काय जाईल ते आधी कळत नाही. जाहिरातीच असाव्यात, एवढीच आशा. रविवारी सकाळी तिनं दुरुस्ती लावली आणि आईबरोबर कपडे वाळत घातले. मध्येमध्ये येऊन पट्टी बघायची. जेवणं झाली, बाबांची झोप झाली, तेव्हा कुठे पट्टी टोकाला गेली.

आत मेल होत्या. कप्पे नाहीत, तारखा नाहीत, विषय नाहीत, सगळा एकच ढीग. कित्येक मेल अर्ध्यावर तुटलेल्या, कित्येकांत नुसती चौकोनांची रांग. केसांचं तेल मात्र धडधाकट वाचलं होतं. त्या ढिगातून बाबांनी लिहिलेल्या मेल वेचायला तिला पुढच्या सगळ्या संध्याकाळी लागल्या. डोळे चुरचुरायचे. पण अधूनमधून हसू फुटायचं, आणि आई आतून विचारायची, "काय गं?"

पुढच्या खेपेला बाईंनी कार्डं पिशवीतून काढलीच नाहीत. थोरलीनं मोठ्या अक्षरांत छापलेला कागद हातात घेतला आणि बाबांच्या शेजारी बसून वाचू लागली.

"बाबा, हे तुम्ही त्या कोपऱ्यावरच्या इमारतीच्या अध्यक्षांना लिहिलं होतं. 'महोदय, आपल्या लिफ्टला काहीही झालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांनी दाराच्या फटीत चमचा घातला होता. लिफ्ट चालू केली आहे. चमचा परत...'"

ती थांबली. बाईंनी तिला आधीच सांगितलं होतं, वाक्य अर्धवट सोडायचं आणि वाट बघायची. बाबांचे ओठ हलले. "ते..." म्हणाले आणि स्वतःवरच चिडून मान झटकली. बाईंनी हात उंचावून थोरलीला गप्प राहायची खूण केली.

"चमचा परत," थोरलीनं पुन्हा वाचलं.

"पाठवत आहे," बाबा म्हणाले.

आई दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी तिघींकडे पाहिलं, जणू दुसरंच कोणी बोललं होतं. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. काही दिवस नुसतं "तेच" असायचं. काही दिवस "दोर तपासून घ्यावा" हे कागदावरचं वाक्य भलत्याच जागी यायचं, अंघोळीच्या वेळी, डॉक्टरांसमोर. थोरली रोज ऑफिसातून यायची, कागद काढायची, अर्धं वाचायची, थांबायची. कधी उरलेलं अर्धं यायचं, कधी नाही.

मग एका संध्याकाळी ती दार उघडून आत आली तर आतून आवाज चढलेला.

"मीठ कमी," बाबा म्हणत होते. हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

"कमी? मी मोजून घातलंय!"

"कमी."

"इतके दिवस गप्प होतात, मुकाट जेवत होतात!" आई म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता की कसला, ते बाहेरून कळेना.

थोरलीला आत जावंसं वाटलं, पण आधी चपला काढायला म्हणून ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर टेकली. एक चप्पल निघाली. आतलं भांडण चालूच होतं, आई चार वाक्यं बोलायची आणि बाबा एक शब्द. ते ऐकता ऐकता दुसरी चप्पल पायात तशीच ठेवून ती बसल्या जागी झोपून गेली.