मधली पानं सोडा म्हणणाऱ्यांनो

मी एका मोठ्या युद्धाचा इतिहास. जाडजूड, कापडी बांधणीचा, पाठीवरची अक्षरं उडालेला. शांतपणे बोलतोय असं म्हणवत नाही, कारण मनात राग भरून आलाय. पुस्तकाने रागावू नये म्हणतात. पण माझं ऐकून घ्या आणि मग तुम्हीच सांगा.

मला लिहिलं एका शाळामास्तरांनी. त्यांना सेनापतींचं फारसं कौतुक नव्हतं. युद्धातून परतलेल्या माणसांच्या घरी जाऊन ते ओट्यावर बसत, पाणी मागत आणि माणूस आपणहून बोलेपर्यंत गप्प राहत. कुणी आचारी, कुणी जखमी उचलणारा, कुणी खेचरांच्या गाड्या हाकणारा. त्यांचं बोलणं मास्तरांनी माझ्या मधल्या भागात घातलं. "हाच तुझा जीव," असं हस्तलिखितावर हात ठेवून म्हणायचे.

माझा जन्म छापखान्यातला. छापलेला मोठा कागद घडी घालून त्याचा फर्मा होतो, फर्मे एकावर एक ठेवून शिवतात आणि मग कडा कापून पानं सुटी करतात. माझ्यामधला एक फर्मा किंचित खाली सरकला होता. कापणाऱ्याचं लक्ष घरी आजारी असलेल्या लेकीकडे होतं. पातं त्या घड्यांच्या वरून गेलं आणि तेवढी पानं वरच्या कडेला जोडलेलीच राहिली, दोन-दोन पानांच्या पिशव्या झाल्यासारखी. त्याच्यावर माझा राग नाही. आठ आण्याची सुरी फिरवली की सुटणारी गाठ होती ती.

राग आहे तो पुढच्यांवर.

मी एका लहानशा वाचनालयात आलो. तिथे दर महिन्याला वाचकमंडळ भरायचं. लाकडी बाकं, मध्ये लांब टेबल, चहाची किटली. प्रत्येकाने उठून एक पुस्तक इतरांना सुचवायचं, अशी रीत. मंडळाचा जीव युद्धाच्या इतिहासात. म्होरक्या होता 'कप्तान'. सैन्यात कधीच नव्हता, विमा कचेरीतून निवृत्त झालेला. टेबलावर साखरेचे चमचे मांडून लढाया समजावायचा म्हणून ते नाव पडलं.

कप्तानाने मला एकदा नेलं. जोडलेल्या पानांशी आला, बोटाने उघडून आत डोकावला, कंटाळला आणि पुढे गेला. मंडळात उठून म्हणाला, "उत्तम ग्रंथ. सुरुवात वाचा, मग मधलं सोडा. रसद, खेचरं, गाडीवान, नुसता चारा आहे तो. थेट शेवटच्या लढाईवर या."

झालं. पुढचा वाचक मधलं सोडून वाचू लागला आणि त्याने पुढच्याला तेच सांगितलं. गणिताच्या बाईंनी तर मला घरीही नेलं नव्हतं, तरी "मधला भाग जरा संथ आहे, नाही?" असं त्या चहा ओतता ओतता म्हणाल्या. कुणी 'संथ' म्हणालं, कुणी 'रटाळ', एकाने 'लेखकाचा तोल गेलाय' असंही ठोकून दिलं. न वाचलेल्या पानांवर इतकी मतं. मी फळीवर उभ्या उभ्या जळत होतो. लढाई यांना हवी, पण मेलेली माणसं नकोत. थरार हवा, पण जखमींना कुणी उचललं ते नको. एखाद्या जेवणावळीची शिफारस करावी तशी ही मंडळी युद्धाची शिफारस करत होती.

त्यांचं सगळ्यांत लाडकं पुस्तक दुसरंच होतं, गुळगुळीत मुखपृष्ठावर घोड्यावर बसलेला सेनापती. त्यातलं एक वाक्य कप्तान दर महिन्याला म्हणायचा, "ऐन वेळी पूल उडवला म्हणून सारं सैन्य सहीसलामत माघारी आलं. याला म्हणतात निर्णय." सगळे माना डोलवायचे.

अशा मंडळात एक दिवस एक बाई आल्या. संसारी, मऊ बोलणाऱ्या. किटली खाली ठेवत त्यांनी विचारलं, "गाडीवानांबद्दल कुठल्या पुस्तकात काही आहे का हो? आमच्या सासूबाईंना हवंय. मामंजी खेचरांची गाडी हाकायचे. सातवा तांडा."

"वहिनी, गाडीवानांवर कोण ग्रंथ लिहितो?" कप्तान हसला. "हे न्या हवं तर, पण मधलं सोडा. झोप येईल."

"सासूबाईंना झोप येत नाही, म्हणूनच वाचते," सूनबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पिशवीत घातलं.

त्यांच्या घरी गेल्यावर मला कळलं की माझ्यावाचून तिथे किती अडलं होतं. सासूबाईंचा नवरा त्या युद्धातून परतला नव्हता. सरकारी निरोप आला तो इतकाच, की सातव्या तांड्याचे गाडीवान गाड्या टाकून पळाले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून म्हातारी गल्लीत 'पळपुट्याची बायको'. नळावर, दुकानात, लेकाच्या शाळेत, लेकाच्या लग्नातसुद्धा. तिने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, कारण उत्तर तिच्याकडेच नव्हतं. आता डोळे गेले होते, पाय जाऊ लागले होते. मरायच्या आत एवढंच तिला कळायला हवं होतं: तो पळाला का?

आणि मी दोन गल्ल्या पलीकडे फळीवर उभा होतो. वर्षानुवर्षं. उत्तर पोटात घेऊन.

सूनबाईंचा एक नेम होता. वाचायला घेतलं की पान गाळायचं नाही. प्रार्थनेच्या पुस्तकाला लावलेला नेम त्यांनी मलाही लावला. आंघोळ झाली की केस पुसत पुसत सासूबाईंच्या खाटेशी बसायच्या आणि मागच्या खुणेपासून वाचायच्या. चाऱ्याचे हिशेबसुद्धा वाचले. सासूबाई मध्येच म्हणायच्या, "खेचराला एवढंसं पुरतं होय? लिहिणाऱ्याने खेचर पाहिलंय का?"

मग त्या जोडलेल्या पानांशी आल्या. थांबल्या.

"काय गं झालं?"

"पानं जोडलेली आहेत, आई."

"मग सोड."

"सोडून कसं चालेल?" सूनबाई उठल्या, लोण्याची बोथट सुरी धुऊन पुसून आणली आणि हलक्या हाताने एकेक घडी सोडवली. इतकी वर्षं अंधारात राहिलेली माझी अक्षरं उजेडात आली. मला रडता येत असतं तर शाई फिसकटली असती.

त्या वाचू लागल्या. "सातव्या तांड्याचे गाडीवान एकदा नदीपलीकडे सुखरूप पोचले होते. जखमी अलीकडे राहिलेत असं कळल्यावर ते हुकमाशिवाय परत फिरले. जखमींनी भरलेल्या गाड्या पुलावर असताना सेनापतींनी पूल उडवण्याची आज्ञा दिली. गाडीवानांना कुणी हाक मारली नाही. पुढे कागदोपत्री त्यांना पळपुटे ठरवलं गेलं, म्हणजे पुलावर कोण होतं हे विचारायला कुणी उरू नये. हे मला पोहून वाचलेल्या एका गाडीवानाने सांगितलं."

सासूबाई खाटेवर उठून बसल्या.

"सातवाच म्हटलंय ना?"

"सातवाच, आई."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. म्हातारीने हात लांब करून मला चाचपलं. मग माझ्यावर नाही, त्याच्यावर चिडली. "एकदा सुटला होतास ना? मग घरी यायचं की रे, वेड्या." आणि तोंडावर पदर घेतला. सूनबाई नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "मला त्या मंडळींकडे ने."

मंडळ भरलं त्या दिवशी रिक्षातून उतरून, सुनेच्या खांद्याला धरून ती तिथे आली. कप्तान चमचे मांडून पुलाशीच पोचला होता.

"आजी, बसा," तो म्हणाला. "युद्धाची आवड आहे वाटतं?"

"आवड?" म्हातारी म्हणाली. "माझा नवरा होता तुमच्या त्या पुलावर."

कप्तानाने हातातला चमचा खाली ठेवला. सूनबाईंनी मला उघडून त्याच्यापुढे ठेवलं. "मोठ्याने वाचा," म्हातारी म्हणाली. त्याने वाचलं. गणिताच्या बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"ती पानं जोडलेली होती हो, आजी," तो पुटपुटला.

"घरात सुरी नव्हती?"

म्हातारी उत्तरासाठी थांबली नाही. तिला गल्लीतून चालत जायचं होतं, रिक्षा नको म्हणाली. नळाशी थांबून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पळाला नव्हता. परत फिरला होता." पाणी भरणाऱ्या बायकांनी कळशा खाली ठेवल्या. त्या हिवाळ्यातच ती गेली, शांत झोपेत.

इथे माझा राग विझायला हवा होता. नाही विझला. कारण पुढच्या महिन्यात मंडळातला एक माणूस उठून म्हणाला, "हे पुस्तक जरूर वाचा. पुलाचं प्रकरण तेवढं वाचा, रडू येतं. बाकीचं सोडलं तरी चालेल."

आता मला मागणी फार आहे. त्या एकाच जागी आपोआप उघडतो, तिथला कागद हाताळून काळा पडलाय आणि मधली बाकीची पानं तशीच कोरी करकरीत. त्यांत खाणीत कोंडलेले मजूर आहेत. तापाच्या साथीत रुग्णांजवळ राहिलेल्या परिचारिका आहेत. उपाशी वेढ्यात पाव भाजणारा एक भटारी आहे. मास्तरांनी कुणालाच सोडलं नव्हतं. सूनबाई तेवढ्या अजून मला नेतात, राहिलेलं वाचतात, त्यांचा नेम पुरा व्हायचा आहे. त्यांच्याकडे पाहिलं की वाटतं, तुमच्यातही कुणी असेल असं.

तुम्हाला शाप देत नाही, विनवतो. युद्धाचा इतिहास खुशाल सुचवा एकमेकांना, पण आधी पुरता वाचा, आणि 'एवढं सोडा' असं कुणाला सांगू नका. तुमच्याच नळावर पाणी भरणाऱ्या एखाद्या बाईचा माणूस माझ्या कुठल्या पानावर पडलाय, ते तुम्हाला ठाऊक नाही.