तिसऱ्या गाण्यातला वारा

रुबेनने तिसऱ्या गाण्यातला वारा पुसायला घेतला. उरणच्या धक्क्यावर चार दिवस हेलपाटे घालून त्याने तो गोळा केला होता आणि गिटारच्या खाली, गळ्याच्या वर, सगळीकडे अंथरला होता. आता लॅपटॉपवर माऊस ओढला की वाऱ्याची एकेक पट्टी नाहीशी होत होती. खाली दडलेले शब्द स्वच्छ ऐकू यायला लागले होते. शब्द तसे बरे होते. इतके वर यावेत असे मात्र नव्हते.

'खाजण' हा त्याचा पहिला अल्बम. सात गाणी, दोन वर्षं, विचुंब्याच्या फ्लॅटमधली मागची खोली आणि आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला ठोकलेली गोधडी. महिन्यापूर्वी तो नेटवर टाकला तेव्हा त्याला वाटलं होतं, लोक काहीतरी बोलतील. लोक बोलले. मित्र सत्यजीत म्हणाला, "भारी रे, एकदम व्हाइब आहे," आणि कुठलं गाणं आवडलं विचारल्यावर म्हणाला, पहिलं. इस्रायलहून बहीण हदासने फोनवर रडून घेतलं. पण हदास साबणाच्या जाहिरातीलाही रडते. आईने, रिवकाने, हातातलं काम टाकून सातही गाणी ऐकली आणि विचारलं, "छान आहे रे, पण तू गातोस कधी?" एका ब्लॉगवाल्याने लिहिलं की सगळं धुक्यात बुडालंय, हाताला काही लागत नाही. पुण्याच्या एका फेस्टिव्हलवाल्यांनीही तेच कळवलं, जरा सभ्य भाषेत: आवाज साफ करून पाठवा, मग बघू.

तिसरं गाणं तेवढं तीनशेहून जास्त वेळा वाजलं होतं. ती आईच असणार, असं रुबेनने ठरवून टाकलं. लेकाच्या कौतुकात ती हात आखडता घेत नसे. आज सकाळी उठल्या उठल्या त्याने अख्खा अल्बम नेटवरून काढून टाकला. साफ करून पुन्हा टाकायचा, नाहीतर टाकायचाच नाही. कुणाचं काय अडणार होतं? हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागला.

साडेबाराच्या सुमाराला बेल वाजली.

दारात दमयंती होती. गेली बारा वर्षं ती या घराला मासळी पुरवत होती, बुधवारी आणि शुक्रवारी. ज्यूंच्या घरात खवल्यांचीच मासळी चालते हे तिला इतकं पाठ होतं की कोळंबीची पाटी ती जिन्याखालीच ठेवून वर येई. आज गुरुवार होता आणि पाटीच नव्हती. हातात एक जड पिशवी होती आणि मागे एक उंच, वाळलेला माणूस.

"ह्यो आमचा मानूस, दिनानाथ," ती म्हणाली.

"गाना बंद परलाय!" दिनानाथ एवढ्या मोठ्याने बोलला की समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं. "सकालपासून लागत नाय!"

रिवकाने दोघांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. मग दमयंतीच्या बोलण्यातून एकेक उलगडत गेलं. तीस वर्षं दिनानाथ मासेमारीच्या बोटीवर इंजिनापाशी होता. बोट सुटली, पण इंजिनाने कान सोडले नाहीत. रात्रंदिवस आत एक शिट्टी वाजत राहिली. डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. सवय झाली ती त्या शिट्टीच्या वरताण ओरडून बोलायची. मग घरातले वैतागले, तोही स्वतःवर वैतागला आणि त्याने बोलणंच सोडलं. गेल्या महिन्यात रिवकाने फोनमधल्या झाडून सगळ्यांना लेकाची गाणी पाठवली. तिच्या तावडीतून मासळीवालीही सुटली नाही.

"ह्यानं फोन कानाशी धरला," दमयंती म्हणाली. "तिसरा गाना. त्यान वारा हाय ना, त्या वाऱ्यान शिट्टी बुरते. गाना सपला तरी जरा वेल शांत ऱ्हाते. तेवऱ्यान आमी दोघा बोलतांव. सहा वर्सांनी, रुबेन. रोज."

"मावशी, तुम्हाला आवडलं गाणं?" रुबेनने विचारलं. एवढं ऐकूनही त्याला राहवलं नाही.

"खरा सांगू? नाय आवरला. काय गातोस ता कलतच नाय." तिने पिशवी पुढे सरकवली. "पन ह्यो जितारा तुमाला. पैशाचा नाव कारू नका."

रिवका चपापली. खाडीतला जिताडा या भागात मानाच्या माणसाच्याच घरी असा नेऊन देतात. रुबेनला या दोघांचे पाय धरावेसे वाटले. दोन वर्षं तो ज्याची वाट पाहत होता ते हेच होतं का, हे त्याला सांगता आलं नसतं. पण त्याहून कमी ते नक्कीच नव्हतं.

"काका, इकडे बसा," तो म्हणाला. त्याने हेडफोन दिनानाथच्या कानांवर नीट बसवले आणि मूळ गाणं लावलं, वाऱ्यासकट.

दिनानाथने डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या सैल होत गेल्या. गाणं चालू असतानाच रुबेनने सकाळपासूनचं काम सेव्ह न करता बंद केलं, जुना अल्बम जसाच्या तसा पुन्हा नेटवर चढवला आणि फेस्टिव्हलवाल्यांना एक ओळ लिहिली: गाणी अशीच आहेत.

"रविवारी मलिदा करते," रिवका डोळे पुसत म्हणाली. देवाचे आभार मानायचे तर गूळ-खोबरं घालून पोह्यांचा मलिदा करायचा, ही त्यांच्यातली रीत. "दोघांनी यायचं हं, दमयंती."

गाणं संपलं. दिनानाथने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. आता तो काही बोलेल म्हणून रुबेन पुढे झुकला. दिनानाथने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दमे," तो म्हणाला. आवाज इतका हलका की मघाशी दारात ओरडला तो माणूस हाच का, अशी शंका यावी. "आपले भामाचा फोन आलता काय?"

"आलता. पोर चालाय लागला तिचा."

"किती पावला टाकली?"

"चार."

"चार?" तो हसला. "पुन्ना सांग."

दमयंती खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकली आणि लेकीच्या पोराचं पहिल्यापासून सांगू लागली. रिवकाला एकदम आठवलं, आत कुकर चढवलेला होता, तो फुसफुसायला लागला होता. पावलं न वाजवता ती स्वयंपाकघरात धावली आणि शिट्टी व्हायच्या आत तिने गॅस बंद केला.