आयट्रोजेनिक म्हणजे कोणामुळे?

दीड महिन्यात तीन जणांनी मावशींना "वय झालं" म्हणून ऐकवलं होतं. रंगाच्या दुकानात यंत्रावर डबे घुसळून गिऱ्हाइकाला हवी ती छटा बनवून देण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, तेव्हा कोणाला त्यांचं वय दिसलं नाही. मग एकदा शिडीवरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि यंत्राजवळ दोनदा तोल गेला. मालक म्हणाले, "मावशी, वय झालं आता. हात अडकला तर केवढ्याला पडेल? एक तारखेपासून घरी बसा." सुनेनं तीच री ओढली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तर मान वर न करता तेच म्हटलं आणि चक्कर थांबायची तिसरी गोळी लिहून दिली.

घरी आल्यावर मावशींनी तिन्ही पाकिटं पालथी केली. ही सवय दुकानातली. डब्यावर पुढे कंपनी वाटेल ते गोंडस नाव छापते, आत काय आहे ते मागे बारीक अक्षरात असतं. पहिली गोळी छातीत धडधडायचं म्हणून मोठ्या इस्पितळानं दिलेली. दुसरी या डॉक्टरांनी ब्लडप्रेशरसाठी लिहिलेली. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आणि मागे दोन्हीकडे औषध एकच, मेटोप्रोलॉल. औषधवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, यानं हृदयाचे ठोके मंद होतात. म्हणजे दीड महिना मावशी ते दुप्पट गिळत होत्या! आणि इस्पितळाची फाइल त्यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवली होती. त्या माणसानं ती उघडलीही नव्हती, वर चहाचा कप ठेवला होता. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशाच त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी नाडी मोजली, चव्वेचाळीस भरली. त्यांचा चेहरा उतरला. इस्पितळाची गोळी तेवढी ठेवून त्यांनी बाकीच्या दोन्ही बंद केल्या, आणि आठवड्याभरात चक्कर पळाली.

"आता मालकांना दाखवायला लिहून द्या," मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी झरझर लिहून दिलं.

मालकांनी कागद अडखळत वाचला. "ब्रॅडिकार्डिया... आयट्रोजेनिक... अरे बापरे! मावशी, एक सोडून दोन दोन रोग? नको बाई, मला घोर नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मावशी उलट पावली दवाखान्यात आल्या आणि बाहेर बसलेल्या पाच-सहा जणांदेखत दार सताड उघडं ठेवून उभ्या राहिल्या.

"ब्रॅडिकार्डिया म्हणजे काय?"

"ठोके मंद होणं."

"आणि हे दुसरं?"

"ते टेक्निकल आहे, मावशी. तुम्हाला नाही कळायचं."

"हजारभर छटांचं माप तोंडपाठ आहे मला. सांगून तर बघा."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. "म्हणजे... उपचारांमुळे उद्भवलेलं."

"कोणाच्या उपचारांमुळे? माझ्या शेजारणीच्या?"

"डॉक्टरांच्या," ते पुटपुटले.

"मग हा रोग आहे की तुमची चूक?"

"हळू बोला ना. शब्द बरोबरच आहे, आमच्यात असंच लिहितात."

"तुमच्यात लिहा! हा कागद माझ्या मालकांसाठी आहे. शब्द तुमचा बरोबर, आणि नोकरी माझी जाणार? साध्या शब्दांत लिहा."

"तसं लिहिलं तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, कळलं बुवा एकदाचं."

बाहेर कोणीतरी खुदकन हसलं. डॉक्टरांनी नवा कागद ओढला. मावशी त्यांच्या खांद्यावरून वाचत उभ्या होत्या. 'एकच औषध दोनदा दिलं गेलं...'

"आपोआप गेलं? कोणी दिलं?"

पेन थांबलं. मग त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'यांच्या जुन्या औषधाची चौकशी न करता मी तेच औषध पुन्हा दिलं. त्यामुळे चक्कर येत होती. आता त्या ठणठणीत आहेत, काम करू शकतात.' खाली सही, शिक्का. मावशींनी आभार मानले नाहीत.

मालकांनी कागद दोनदा वाचला आणि कान खाजवला. "मग... उद्यापासून या."

"उद्या कशाला? अजून अख्खी दुपार पडलीय," म्हणत मावशींनी अ‍ॅप्रन चढवला. राग अजून उतरला नव्हता. पहिल्या डब्याचं झाकण त्यांनी असं ठोकून बसवलं, की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.